टॉलेमी-रोमन काळातला इजिप्त: देवळं बहरली, लोकांचं काय?

कोरांटी | सोमवार, रात्री ९:४०

इजिप्तबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात पिरॅमिड असतात, तुतनखामुन असतो आणि तिथून थेट उडी क्लिओपात्रावर. ती मेली की पडदा. प्रत्यक्षात इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदर इजिप्तमध्ये शिरला तेव्हापासून इ.स. ६४१ च्या सुमारास अरब फौजा येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार वर्षं, या देशावर आधी टॉलेमी हे ग्रीक घराणं, मग रोम आणि शेवटी बायझंटाईन दरबार राज्य करत होता. हजार वर्षांना 'शेवट' कसं म्हणायचं?

मला सतावणारा प्रश्न असा. आज पर्यटक ज्या देवळांसमोर उभे राहून 'फेरोंचा इजिप्त' म्हणून फोटो काढतात, त्यातली सगळ्यात धडधाकट देवळं, एडफू, डेंडेरा, कोम ओम्बो, फिले, एस्ना, आज दिसतात तशी जवळपास सगळी याच परक्या अमलात उभी राहिली. भिंतीवर टॉलेमी फेरोचा दुहेरी मुकुट घालून शत्रूचे केस धरून उभा आहे. कलाब्शाच्या देवळात तर खुद्द रोमचा सम्राट ऑगस्टस फेरोच्या वेषात देवांना नैवेद्य दाखवतोय. हाच ऑगस्टस इजिप्तमध्ये असताना पवित्र मानलेल्या एपिस बैलाच्या दर्शनाला गेला नाही. मी देवांना भजतो, गुरांना नाही, असं त्याने म्हटल्याचं रोमन इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो.

माझं मत सरळ आहे: हा सगळा देखावा. पुजारी खूश ठेवायचे आणि शेतकऱ्याकडून धान्य काढायचं. जाणकारांनी भर घालावी, विरोधही चालेल.

शेवगा | सोमवार, रात्री ९:४४

पहिला! आता वाचतो.

सर्किट_हाऊस | सोमवार, रात्री ९:५८

क्लिओपात्रा काळाच्या हिशेबाने गिझाच्या पिरॅमिडपेक्षा चंद्रावर उतरलेल्या माणसाच्या जास्त जवळ आहे, हे किती जणांना माहीत होतं?

खवचट_मावशी | सोमवार, रात्री १०:०३

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला येतं. शुभ सकाळच्या गुलाबांच्या लगेच खाली.

मोडीवाचक | सोमवार, रात्री ११:२०

कोरांटीताई, देखाव्यासाठी कुणी १८० वर्षं बांधकाम चालू ठेवत नाही. एडफूच्या होरस मंदिराचा पाया इ.स.पू. २३७ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात घातला आणि दरवाजे बसून काम पुरं झालं ते इ.स.पू. ५७ मध्ये, बाराव्या टॉलेमीच्या वेळी. मध्ये काम रखडलंही. का रखडलं, त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

इ.स.पू. २१७ मध्ये गाझाजवळ राफियाला सेल्युकिडांशी, म्हणजे सीरियाच्या ग्रीक राजांशी, लढाई झाली. चौथ्या टॉलेमीकडे ग्रीक आणि मॅसेडोनियन शिपाई अपुरे होते, म्हणून सुमारे २०,००० इजिप्शियनांना लांब भाले देऊन कवायती फौजेत उभं केलं. लढाई जिंकली. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस म्हणतो, तेव्हापासून या लोकांच्या अंगात वारं शिरलं आणि त्यांना परक्यांचा हुकूम सोसवेना. पुढे इ.स.पू. २०५ च्या सुमाराला दक्षिणेतला थीब्ज भाग फुटला. आधी होरवेन्नेफर, मग अंखवेन्नेफर, असे दोन देशी राजे स्वतःला फेरो म्हणवत जवळपास वीस वर्षं तिथे टिकले. एडफूचे गवंडी त्या काळात घरी बसले होते.

आता रोझेटा शिळा. तिच्यामुळे चित्रलिपी वाचता आली हे शाळेत शिकवतात, पण तिच्यावर लिहिलंय काय हे सांगत नाहीत. इ.स.पू. १९६ चा, मेम्फिसला जमलेल्या पुजाऱ्यांचा तो ठराव आहे. पोरसवदा पाचव्या टॉलेमीने देवळांचं उत्पन्न चालू ठेवलं, थकबाकी सोडली, बंडखोरांचं एक शहर घेतलं. म्हणून त्याची मूर्ती देवळादेवळात बसवावी, तिची रोज पूजा व्हावी. दक्षिणेत बंड पेटलेलं असताना हा ठराव होतोय. राजाला पुजारी हवे होते आणि पुजाऱ्यांना ते पुरतं ठाऊक होतं. याला मी सौदा म्हणेन. आणि सौदा करायला दुसऱ्या बाजूच्या हातातही काहीतरी असावं लागतं.

शेवगा | सोमवार, रात्री ११:३१

मोडीवाचककाका, दंडवत. वाचनखूण साठवली.

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ८:१०

सौदा पुजाऱ्यांशी झाला हो. शेतकऱ्याला कुणी विचारलं? कोरांटींच्या मूळ मताला माझा पाठिंबा, फक्त एक दुरुस्ती सुचवतो: टॉलेमी आणि रोमन एकाच पोत्यात घालू नका.

टॉलेमी कितीही ग्रीक असले तरी अलेक्झांड्रियात राहिले, तिथेच मेले. जे लुटलं ते तिथेच उधळलं. दीपस्तंभ, ग्रंथालय, आरमार, आपसातल्या भाऊबंदकीच्या लढाया, सगळं त्याच पैशातून. रोमचा मालक समुद्रापलीकडे. इ.स.पू. ३० नंतर इजिप्त हा इतका नाजूक दागिना झाला की सम्राटाच्या परवानगीशिवाय रोमन सेनेटरला तिथे पाऊल टाकायची मनाई. कारभाराला प्रीफेक्ट, म्हणजे सुभेदार, तोही सेनेटर वर्गाबाहेरचा. पहिला प्रीफेक्ट कॉर्नेलियस गॅलस, मूळचा कवी. त्याने फिले इथे तीन लिप्यांत स्वतःच्या पराक्रमाचा शिलालेख कोरून घेतला. पुढे सम्राटाची मर्जी गेली आणि त्याने आत्महत्या केली.

आणि कर! रोमन अमलात डोईपट्टी आली. पुरुष चौदा वर्षांचा झाला की सुरू, साठी उलटेपर्यंत. दर १४ वर्षांनी घरोघर शिरगणती. रोमन नागरिकाला माफ, अलेक्झांड्रियाच्या नागरिकाला माफ, जिल्ह्याच्या गावच्या ग्रीक वळणाच्या लोकांना सवलत. फायूम जिल्ह्यात खेडुताला वर्षाला ४० द्राख्मा (चांदीची नाणी), तर तालेवार शहरवाल्याला २०. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याला दुप्पट. कर झेपेना की लोक घरदार सोडून पळायचे आणि मग पळालेल्यांचा वाटाही मागे राहिलेल्यांवर. ज्यू इतिहासकार जोसेफस म्हणतो, रोमला वर्षातले चार महिने पुरेल इतकं धान्य इजिप्त पाठवायचा. भिंतीवरचा फेरो-वेषातला ऑगस्टस बघून त्या शेतकऱ्याला काय वाटत असेल?

चिंगी_द_ग्रेट | मंगळवार, सकाळी ९:०२

काही वाटत नसेल. त्याला देवळाच्या आत सोडतच नव्हते.

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ९:०५

खिक्. मार्मिक.

मोडीवाचक | मंगळवार, सकाळी ९:४०

चिंगी गमतीत खरं बोलून गेली. सामान्य माणूस बाहेरच्या अंगणापर्यंत, तेही सणाला. आतल्या भिंती देवासाठी. म्हणून तर डेंडेराला एक मजा दिसते. राजाचं नाव ज्या लंबवर्तुळात लिहायचं ती चौकट कोरलेली आहे आणि आत काहीच नाही. अलेक्झांड्रियात आज कोण गादीवर, उद्या कोण, याचा भरवसा नव्हता तेव्हाचं काम आहे ते. देवाला नैवेद्य दाखवायला एक फेरो लागतो, त्याशिवाय सृष्टीचा गाडा चालत नाही अशी श्रद्धा. तो फेरो अमुकच पाहिजे असं नाही.

खवचट_मावशी | मंगळवार, सकाळी ९:५२

म्हणजे देणगीच्या पावतीवर 'श्री. ______' ठेवून सही शिक्का तयार. आवडली आयडिया.

टॅलीवाला | मंगळवार, दुपारी १:१५

टॉलेमींना फार गोड म्हणू नका अर्धवटराव. मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे मला या लोकांचा हेवा वाटतो. इ.स.पू. २५९ चा एक महसुली कायद्यांचा पपायरस आहे, दुसऱ्या टॉलेमीच्या काळातला. त्यातली तेलाची मक्तेदारी वाचा. तीळ, एरंड किती पेरायचं ते सरकार ठरवणार. पीक सरकारी भावाने विकायचं. घाण्यावर तेल काढायचं तेही सरकारी देखरेखीत, आणि हंगाम संपला की घाण्याच्या अवजारांना सील. विक्रीचा दर बांधलेला. बाहेरून तेल आणाल तर दंड. वसुलीचा मक्ता लिलावाने.

चलनाचंही तेच. बाहेरचं नाणं इजिप्तमध्ये चालायचं नाही, बदलून घ्यायचं, तेही हलक्या वजनाच्या इजिप्शियन नाण्यात. रोमनांनी ही युक्ती इतकी उचलून धरली की सम्राट डायोक्लेशनच्या सुधारणांपर्यंत इजिप्तचं नाणं वेगळंच राहिलं. रोमनांनी नवं फार काही शोधलं नाही. टॉलेमींची चोपडी उचलली, वर डोईपट्टीचं एक पान चिकटवलं.

बंड्या_बारामतीकर | मंगळवार, दुपारी १:४०

इंग्रजांनी आपल्याकडे केलं तेच की सगळं.

संपादक_मंडळ | मंगळवार, दुपारी २:००

विषय इजिप्त आहे. इंग्रजांसाठी वेगळे धागे उदंड आहेत.

नेने_आजी | मंगळवार, दुपारी ४:३०

मला राजेरजवाड्यांत रस नाही, पत्रांत आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूने साध्या माणसांचे कागद जपले ही केवढी गोष्ट! ऑक्सिऱ्हिंकस या जुन्या गावाच्या उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात खणायला सुरुवात केली आणि पुढे लाखो तुकडे निघाले. आजही ऑक्सफर्डला वाचन चालू आहे.

त्यात थिओन नावाच्या पोराचं वडिलांना पत्र आहे. वडील त्याला मागे ठेवून अलेक्झांड्रियाला निघालेत. हा लिहितो की मला नेलं नाहीस तर पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, आणि बोलावून घेतलं नाहीस तर जेवणार नाही, पाणी पिणार नाही, जा! शुद्धलेखन भयंकर. दुसरं पत्र मात्र वाचून मी चहा ठेवून दिला. इ.स.पू. १ सालचं, हिलारिऑनचं. कामासाठी अलेक्झांड्रियात आहे, गरोदर बायकोला लिहितो: काळजी करू नकोस, पगार मिळाला की पाठवतो, आणि बाळ झालं तर मुलगा असल्यास राहू दे, मुलगी असल्यास टाकून दे. एकाच पत्रात इतकी माया आणि इतकं हे.

कोरांटी | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

आजी, तुमच्यामुळे आठवलं. झेनॉनच्या दप्तरातलंही एक पत्र आहे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं. झेनॉन म्हणजे दुसऱ्या टॉलेमीच्या अर्थमंत्र्याचा, अपोलोनिओसचा, कारभारी. फायूममधल्या फिलाडेल्फिया गावी धन्याची मोठी जहागीर सांभाळायचा. सुमारे दोन हजार कागद मिळालेत त्याचे. एक बिगर-ग्रीक नोकर त्याला तक्रार करतो: मला पगार देत नाहीत, आंबलेली दारू देतात, मला तुच्छ लेखतात, कारण मी ग्रीकांसारखा वागू शकत नाही.

माझा प्रश्न या माणसाबद्दल आहे, मोडीवाचककाका. सौदा वरच्यांचा. या माणसाला कुठलाच पत्ता हातात नाही.

मोडीवाचक | मंगळवार, रात्री १०:१५

त्याच्या हातात अर्ज होता, कोरांटीताई. तो तक्रार करतोय, म्हणजे दाद मिळेल अशी आशा आहे. फार नाही, पण आहे.

आणि ग्रीक-इजिप्शियन ही भिंत खेड्यात फार लवकर पाझरायला लागली. दक्षिणेत पॅथिरिस गावातलं उदाहरण घ्या. ड्रायटन नावाचा घोडदळातला अधिकारी, बायको अपोलोनिया. हीच बाई सेनमोंथिस हे इजिप्शियन नावही लावते. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली त्यांची कागदपत्रं आहेत. बाई व्याजाने धान्य आणि पैसा देते, व्यवहार करते. ग्रीक कायद्याने बाईला व्यवहारात पुरुष पालक लागायचा, इजिप्शियन कायद्याने लागत नव्हता. इ.स.पू. ११८ मध्ये आठव्या टॉलेमीने फर्मान काढलं की इजिप्शियन भाषेतल्या कराराचा वाद इजिप्शियन न्यायाधीशांकडे आणि ग्रीक कराराचा ग्रीक न्यायाधीशांकडे जाईल. करार कुठल्या भाषेत केलाय त्यावर कोर्ट! चतुर माणसाला, आणि बाईला, यात भरपूर वाव होता.

चिंगी_द_ग्रेट | मंगळवार, रात्री १०:२२

सेनमोंथिसबाईंना माझा सलाम. दोन नावं, दोन कायदे, वसुली चोख.

अर्धवटराव | मंगळवार, रात्री १०:५०

आणि रोमनांनी हे सगळं कसं मोडलं तेही सांगा ना. त्यांनी माणसं खणात बसवली: रोमन, अलेक्झांड्रियन, इतर ग्रीक शहरांचे, आणि उरलेले सगळे 'इजिप्शियन'. दोनशे वर्षं ज्यांचे पूर्वज स्वतःला ग्रीक म्हणवत होते तेही खेड्यात राहिले म्हणून इजिप्शियन ठरले. लग्न, वारसा, सगळ्याला खणांचे नियम. पुजाऱ्याने केस वाढवले किंवा लोकरीचं वस्त्र घातलं तर सरकारी दंड! पुजारी कसा दिसावा हे रोमन हिशेबखातं ठरवणार. कळस इ.स. २१५ मध्ये. सम्राट काराकाल्लाने फर्मान काढून इजिप्शियनांना अलेक्झांड्रियातून हाकललं. अपवाद कोण? डुकरांचे व्यापारी, नावाडी आणि हमामांच्या भट्ट्यांसाठी बोरू आणणारे. म्हणजे ज्यांच्यावाचून साहेबांचं अडतं ते. बाकीचे ओळखायचे कसे, तर त्यांच्या बोलण्यावरून.

बंड्या_बारामतीकर | मंगळवार, रात्री ११:०१

हे वाचून मला आपल्याकडच्या एका

संपादक_मंडळ | मंगळवार, रात्री ११:०३

बंडोपंत, नको.

सर्किट_हाऊस | बुधवार, सकाळी ७:३०

सख्ख्या बहीण-भावाची लग्नं व्हायची म्हणे राजघराण्यात? आणि मांजर मारलं तर फाशी?

नेने_आजी | बुधवार, सकाळी ११:१०

राजघराण्यात दुसऱ्या टॉलेमीने सख्खी बहीण अर्सिनोईशी लग्न केलं आणि पुढे प्रघात पडला. पण चमत्कारिक हे की रोमन काळच्या शिरगणतीच्या कागदांत साध्या घरांतही अशी लग्नं सर्रास दिसतात. का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी म्हणतात मालमत्ता घरात राहावी म्हणून, कुणी म्हणतात दत्तक जावई असावेत. इ.स. २१२ मध्ये सगळ्यांना रोमन नागरिकत्व मिळालं, रोमन कायद्याला हे अमान्य, तिथून ही प्रथा विरत गेली.

मांजराचं फाशी नव्हे, जमावाने मारलं. हे सांगणारा ग्रीक इतिहासकार डिओडोरस तेव्हा इजिप्तमध्येच होता, बाराव्या टॉलेमीचं राज्य, रोमला दुखवायचं नाही म्हणून दरबार थरथर कापतोय. एका रोमनाच्या हातून चुकून मांजर मेलं. राजाने अधिकारी धाडले, रोमची भीती होती, तरी लोकांनी त्याला सोडला नाही.

चिंगी_द_ग्रेट | बुधवार, सकाळी ११:१५

अर्धवटराव, घ्या. लोकांच्या हातात काय होतं? मांजर होतं.

पैठणकर | बुधवार, दुपारी १२:४५

इतके प्रतिसाद झाले तरी कुणी लाल समुद्राचं नाव काढत नाही, म्हणून आलो. इजिप्तचा पैसा फक्त नाईलच्या गाळात नव्हता, आपल्या किनाऱ्यावरही होता.

ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो, इ.स.पू. ११८ च्या आसपास लाल समुद्राच्या पहारेकऱ्यांना एक भारतीय खलाशी अर्धमेला सापडला. त्याला ग्रीक शिकवलं, त्याने वाट दाखवली, आणि युडोक्सस नावाचा माणूस भारतात जाऊन मसाले आणि रत्नं घेऊन परतला. आठव्या टॉलेमीने सगळा माल जप्त केला! रोमन काळात तर मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला १२० गलबतं भारताकडे निघायची, हेही स्ट्राबोचंच. व्हिएन्नाला एक पपायरस आहे, इ.स. दुसऱ्या शतकातला. मुझिरिसहून, म्हणजे केरळातून, हर्मापोलोन नावाच्या गलबतात आलेला माल: जटामांसी, हस्तिदंत, वगैरे. किंमत ७० लाख सेस्टर्सच्या (रोमन नाण्यांच्या) घरात आणि सरकारी जकात चौथा हिस्सा. टॅलीवाले, हा आकडा बघा आणि मग धान्याचं बोला.

बेरेनिके बंदरात उत्खनन झालंय. सेरापिसच्या देवळात साडेसात किलो काळी मिरी, तीही भारतीय रांजणात. सागवान. इसिसच्या देवळाशी संगमरवरी बुद्ध, भूमध्य भागातल्या दगडाचा. ते २०२३ मध्ये जाहीर झालं. फिलिप द अरब या सम्राटाच्या काळातला संस्कृत लेख. आणि आता कान इकडे करा: सातवाहनांची दोन नाणी! आमच्या पैठणच्या राजांची नाणी लाल समुद्राच्या काठी.

शेवगा | बुधवार, दुपारी १२:५०

नादखुळा! कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेला काशाचा पोसायडन उभा आहे, तोही बघून या सगळ्यांनी. देवाणघेवाण दोन्हीकडून होती.

पैठणकर | बुधवार, दुपारी १:०५

अगदी. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्राचं प्रवासदर्शक लिहिलं, 'पेरिप्लस'. त्यात पैठण आहे, तेर आहे, चौल आहे, सोपारा आहे. भडोचपासून दक्षिणेकडे पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर. पैठणहून गोमेद जातीचे खडे, तेरहून कापड, बैलगाड्यांनी भडोचला. कल्याणही आहे. मात्र त्या वेळी कल्याणची नाकेबंदी चालू होती. चुकून ग्रीक गलबत आलंच तर पहारा देऊन भडोचला न्यायचे.

खवचट_मावशी | बुधवार, दुपारी १:११

कल्याणला उतरायचं होतं, नेलं भलतीकडे. दोन हजार वर्षं झाली, फास्ट लोकलचं धोरण बदललेलं नाही.

डोंबिवलीफास्ट_नव्हे_स्लो | बुधवार, दुपारी १:१३

ठ्ठो! ऑफिसात हसू दाबताना चहा सांडला.

कोरांटी | बुधवार, रात्री ८:३०

पैठणकर, तुमचा प्रतिसाद एक नंबर, पण धागा आता गोदाकाठी पोचलाय. नाईलवर परत येते.

मला आता प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावासा वाटतो. मंदिरं उभी राहिली ती कुणाच्या बळावर? टॉलेमी देवळांना अनुदान द्यायचे आणि देवळांच्या जमिनीही होत्या. एडफूच्या बाहेरच्या भिंतीवर मंदिराच्या जमिनींची लांबलचक यादी कोरलेली आहे, सातबाराच म्हणा. ऑगस्टसच्या काळात यातल्या बऱ्याच जमिनी सरकारजमा झाल्या. फायूममधल्या टेबटुनिसच्या सोबेक मंदिराच्या पुजाऱ्यांचे कागद आहेत: जमीन गेली, बदल्यात वर्षासन किंवा ठरावीक जमीन कसायची मुभा. डोईपट्टीतून सूट मिळणाऱ्या पुजाऱ्यांची संख्याही बांधून दिलेली.

तरी एस्नाच्या भिंतींवर क्लॉडियसपासून इ.स. २५० च्या डेशियसपर्यंत रोमन सम्राटांची नावं चित्रलिपीत कोरली जात होती. डेशियसनंतर जवळपास काही नाही. इनाम काढून घेतल्यावरही दोन-अडीचशे वर्षं कोरीव काम चाललं आणि मग आटलं. देखावा असता तर पैसे संपल्याबरोबर बंद पडला असता, आणि नुसती श्रद्धा असती तर आटला नसता. माझा कौल या दोन्हीच्या मधे कुठेतरी.

अर्धवटराव | बुधवार, रात्री ९:१०

कोरांटी मोडीवाचकांच्या गटात सामील! असो, मी एकटा खिंड लढवतो. तिसऱ्या शतकात सगळ्या साम्राज्याचेच पैसे आटले होते, त्यात देवळंही गेली.

फोटोवेडा | गुरुवार, सकाळी १०:००

इतिहासातलं कळत नाही, चित्रातलं कळतं. फायूमची ममी-चित्रं पाहिलीत का कुणी? पातळ फळीवर गरम मेणात रंग कालवून काढलेले चेहरे. पहिलं ते तिसरं शतक, सुमारे हजारभर आज माहीत आहेत. मोठाले डोळे, गालावर उजेडाचा ठिपका, दाढी-केशरचना थेट रोमच्या फॅशनची.

लंडनला आर्टेमिडोरसची अख्खी ममी आहे, हवाराला १८८८ मध्ये पेट्रीला मिळालेली. वर चेहरा पक्का ग्रीक-रोमन, डोक्यावर सोनेरी पानांची माळ. त्याच्याखाली लाल वेष्टनावर सोन्यात अनुबिस मृतदेहाची तयारी करतोय आणि ओसायरिस उठतोय. मध्ये ग्रीकमध्ये लिहिलंय, आर्टेमिडोरस, निरोप, आणि त्यात अक्षरं चुकलीत. नाव ग्रीक, चेहरा रोमन, मरण शंभर टक्के इजिप्शियन. जगताना माणूस सरकारला दिसेल तसा राहतो, पण मेल्यावर आपल्या देवाकडे आपल्या पद्धतीने जातो. डोईपट्टीचा कारकून तिथे पोचत नाही.

चिंगी_द_ग्रेट | गुरुवार, सकाळी १०:०७

ज्याला कळत नाही त्याने सगळ्यात भारी लिहिलं.

अर्धवटराव | गुरुवार, सकाळी १०:३०

भारी लिहिलंय, मान्य. पण आर्टेमिडोरसच्या घरी सोन्याचा वर्ख परवडत होता. ४० द्राख्मावाल्याला वाळूत चटईत गुंडाळून पुरायचे.

टॅलीवाला | गुरुवार, सकाळी १०:३४

+१. वर्खाचं बिल कुणी भरलं हे विचारणारा एक तरी असावा धाग्यावर.

आडवाटेचा_वाटसरू | गुरुवार, रात्री ११:४५

उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. एक बाजू राहिली: भाषा आणि लिपी.

टॉलेमींच्या राज्यात सगळ्यात शेवटची राणी क्लिओपात्रा, तीच पहिल्यांदा इजिप्शियन शिकली, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सुचवतो. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं राजवाड्यात रयतेची भाषा कुणाला येत नव्हती. पण रयतेचं अडलं नाही. मॅनेथो नावाच्या इजिप्शियन पुजाऱ्याने उलट बाजूने जाऊन ग्रीकमध्ये आपल्या राजांचा इतिहास लिहिला. आज आपण इजिप्तची राजघराणी मोजतो ती त्याच्या मांडणीवर.

चित्रलिपी मात्र पुजाऱ्यांच्या हातात होती, आणि पुजारी कमी होत गेले तशी ती आक्रसली. शेवटचा माहीत असलेला चित्रलिपीतला लेख फिलेला आहे, २४ ऑगस्ट ३९४. खरं तर ३९१ मध्ये सम्राट थिओडोसियसने देवळांतल्या पूजेवर बंदी घातली होती, अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं मोठं देऊळ त्याच सुमारास फोडलं. फिले अगदी दक्षिण टोकाला, पलीकडच्या नुबियातले लोक इसिसच्या दर्शनाला येत, म्हणून ते टिकलं. व्यवहारातल्या डेमॉटिक लिपीतला शेवटचा लेखही तिथलाच, ४५२ सालचा. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात देऊळ बंद केलं.

पण भाषा मेली नाही. ख्रिस्ती झालेल्या इजिप्शियनांनी ती ग्रीक अक्षरांत लिहायला घेतली, ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी डेमॉटिकमधली काही अक्षरं उचलली. तीच कॉप्टिक. गंमत बघा, तिची पहिली मोठी लेखी कामं देवळातल्या पुजाऱ्यांनी नव्हे तर मठातल्या साधूंनी केली, आणि ते साधू जुन्या देवांना सैतान म्हणत होते. फ्रेंच अभ्यासक शापोलियोंने रोझेटा शिळेवरच्या चित्रलिपीचं कोडं सोडवलं ते कॉप्टिक येत होती म्हणूनच. आजही कॉप्टिक चर्चमध्ये प्रार्थना त्याच भाषेत होते. तेव्हा झेनॉनला पत्र लिहिणाऱ्या त्या माणसाची बाजू घ्यायची, तर देवळाच्या भिंतींवर नको, इथे शोधा.

नेने_आजी | शुक्रवार, सकाळी ७:५०

त्या माणसाने पत्र ग्रीकमध्येच लिहिलं होतं हो. किंवा पैसे देऊन लिहून घेतलं असेल.

आडवाटेचा_वाटसरू | शुक्रवार, सकाळी ८:२०

आजी, तुमच्यापुढे कोण बोलणार!

सर्किट_हाऊस | शुक्रवार, सकाळी ९:००

यातलं एकच देऊळ बघायचं असेल तर कुठलं? डिसेंबरात जायचं चाललंय.

फोटोवेडा | शुक्रवार, सकाळी ९:२५

एस्ना. शहराच्या मधोमध खड्ड्यात आहे, वरून पायऱ्या उतरून जायचं. भोवतीची वस्ती शतकानुशतकं वर चढत गेली आणि देऊळ खाली राहिलं. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन लोकांनी मिळून छतावरची काजळी साफ केली, खालचे मूळ रंग अजून टवटवीत आहेत. मानेचा पट्टा घेऊन जा, छत बघून दुखते.

अर्धवटराव | शुक्रवार, सकाळी ९:४०

आणि डेशियसचं नाव सापडलं तर फोटो टाका. कोरांटीबाईंशी त्यावरून अजून भांडायचंय.